क्लचवरचा ठोकळा

दातांच्या डॉक्टरांकडून उसना घेतलेला चिमटा तिनं बसच्या केबिनमध्ये अलगद उतरवला, श्वास रोखला आणि चिमट्यातली नखाएवढी काळी पट्टी क्लचच्या पेडलवर दाबली. टक् असा बारीक आवाज आला. या आवाजावर तिचा फार जीव. दोन विटा एकमेकींना पटल्या की तेवढाच आवाज येतो, मग त्या कुरकुर करत नाहीत. माणसांमध्ये अशी सोय नसते.

"ते काय बसवलंत?"

मागे मिलिमीटर उभे होते. जन्मभर पाण्याच्या पंपांचे नकाशे काढून निवृत्त झालेला हा ड्राफ्ट्समन मंडळाचा अध्यक्ष होता. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला मोजमापाचं व्हर्नियर. तोंडावर सगळे त्यांना 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'मिलिमीटर'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. दुसरं नाव त्यांना जास्त आवडतं, अशी तिला दाट शंका होती.

"ठोकळा आहे," ती म्हणाली. "क्लचवरचा."

"नकाशात नाही."

"नकाशात नसेल. गाडीत होता."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी चौदा माणसं जमत आणि मुलांच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटा जोडून गाड्या बनवत. मालट्रक, बंब, क्रेन, कचऱ्याची गाडी. नियम कडक होते. डिंक लावायचा नाही, वीट कापायची नाही, रंग द्यायचा नाही. चौथा नियम मिलिमीटरांनी घातलेला: गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, पंधरास एक या प्रमाणात. चौदांत बाई ती एकटी. पहिल्या दिवशी कोणीतरी तिला विचारलं होतं, नातवाला सोडायला आलात का? ती म्हणाली होती, नाही, माझा नातू मीच आहे.

मिलिमीटर मोरीवर गेले, साबणानं हात धुतले, पुसले, आणि मगच त्यांनी पत्र्याच्या नळकांड्यातून बसचा नकाशा काढून टेबलावर पसरला. हे नकाशे बस कंपनीच्या हेड ऑफिसातून त्यांनी स्वतःच्या सहीवर आणले होते. त्या नकाशांजवळ चहाचा कप आणायची कोणाची छाती नव्हती.

"हे बघा पेडल. यावर काही आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काय? मी एकोणीस वर्षं चालवलीय ही गाडी. मला विचारा की, त्यावर काही होतं का."

शेजारच्या टेबलावर दातांचे डॉक्टर आपल्या क्रेनला दोरा ओवत होते. भांडण म्हटलं की त्यांना कवळी बसवल्यासारखं मध्ये पडायची सवय. "अहो सर, छप्पर बसलं की कोणाला दिसणार आहे? राहू द्या ना."

"मला माहीत असेल," मिलिमीटर म्हणाले.

"मलाही," ती म्हणाली.

मिलिमीटरांनी नकाशाची कड तळहातानं सरळ केली. "बाई, वस्तू आणि नकाशा जुळत नसतील, तर दोघांपैकी एक चुकलेला असतो."

"आणि दरवेळी वस्तूच कशी हो चुकते, सर?"

यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "ठोकळा राहिला तर पाच मार्क कापावे लागतील. आधीच सांगतो."

पाच मार्क म्हणजे सगळंच. कंपनी ही जुनी निळी बस आता कायमची मोडीत काढणार होती, आणि त्यानिमित्त डेपोच्या हॉलमध्ये कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या मॉडेलांचं प्रदर्शन होतं. ज्या मॉडेलला सगळ्यात जास्त मार्क, ते हेड ऑफिसच्या दारात काचेच्या कपाटात कायमचं राहणार. तिला बक्षिसाचं काही नव्हतं. तिला कपाट हवं होतं. तिचा ठोकळा त्या दारातून आत गेलेला तिला बघायचा होता.

खरा ठोकळा डेपोतल्या सुतारकाकांनी केला होता. वाहन परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली, ती गाडी चालवता येत नाही म्हणून नव्हे. क्लच तळाला टेकवायला तिला सीटवरून निम्मं खाली घसरावं लागायचं आणि मग समोरचा रस्ताच दिसेनासा व्हायचा. परीक्षक म्हणाले, बाई, गाडीला पाय पोचत नाही तुमचा. सुतारकाका जवळच रंधा मारत होते. ते पुटपुटले, गाडीचा हिच्यापर्यंत पोचत नाही असं म्हणा की. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोडक्या बाकाच्या पाठीचा एक तुकडा तासून आणला. पेडलवर ठेवायचा आणि जुन्या पर्सच्या पट्ट्यानं, बकलासकट, खालून आवळायचा. तिसऱ्या दिवशी ती पास झाली.

ठोकळा मात्र बेकायदा. गाडीत परवानगीवाचून बदल म्हणजे मेमो. तिनं परवानगी मागितली, रीतसर, लेखी, तीनदा. तीनही वेळा एकच उत्तर आलं: सदर वाहनात अशी तरतूद नाही. तेव्हा तपासनीस साहेबांनी डेपोत पाऊल टाकलं रे टाकलं, की बक्कल सोडायचं, ठोकळा पर्समध्ये, वर जेवणाचा डबा. साहेब निघून गेले की परत पेडलवर. पुढे आणखी चार बायका ड्रायव्हर म्हणून आल्या. त्या चौघींचे ठोकळे तिनंच करून घेतले. डेपोत लोक म्हणायचे, या बायकांच्या पर्सा एवढ्या जड कशा? त्या म्हणायच्या, मेकअप असतो.

*

प्रदर्शनाच्या दिवशी बस नेताना धाकट्या बहिणीनं पुढचं टोक धरलं होतं आणि तोंडाचा पट्टा सुरू होता.

"सात महिने जेवणाचं टेबल अडवून बसलीय ही. मी मांडीवर ताट घेऊन जेवतेय, पाहुण्यासारखी. आज ही गेली ना कपाटात, की मी त्या टेबलावर आडवी होऊन झोपणार आहे."

"नीट धर. आरसा लागेल."

"धरलाय आरसा. आणि तो ठोकळा काढला असतास तर हिला कपाट नक्की होतं. एवढ्याशा पट्टीसाठी! पाच मार्क, ताई!"

"पट्टी एवढीशी आहे म्हणूनच. मोठी असती तर त्यांनी एव्हाना परवानगी दिली असती."

डेपोचा हॉल म्हणजे पूर्वीची दुरुस्तीची शेड. फरशी धुऊन काढली होती तरी डिझेलचा वास कोपऱ्यांतून हलला नव्हता. टेबलांवर पांढऱ्या चादरी, त्यांवर गाड्या. डॉक्टरांची क्रेन खरोखर देखणी होती. आकडा खालीवर होत होता, आणि डॉक्टर तो येणाऱ्याजाणाऱ्याला करून दाखवत होते. तिनं आपली बस मांडली, दारं उघडून मिटून पाहिली, स्टिअरिंग फिरवलं. पुढची चाकं वळली. छप्पर उचललं, आत नजर टाकली. क्लचवर ठोकळा जागच्या जागी होता. सीटवर कोणाला बसवलं नव्हतं तिनं. विटांच्या संचातल्या बाहुल्या फार आखूड पायांच्या असतात. त्यांना कुठलंच पेडल पोचत नाही.

अकरा वाजता हेड ऑफिसचे एक अधिकारी आले, इस्त्रीच्या घडीसकट. त्यांच्या मागून हातात फळी आणि फळीला कागद लावून मिलिमीटर टेबलाटेबलाशी थांबत आले. तिच्या टेबलाशी आले तेव्हा ती बहिणीला दारांची बिजागरी कशी केली ते समजावत होती.

"चला, गाडी बघू," मिलिमीटर म्हणाले.

"बघा ना," ती म्हणाली. छप्पर तिनं स्वतःच उचलून बाजूला ठेवलं. डाव्या हातानं मागचं दार उघडून दाखवलं, उजवा हात केबिनमध्ये घालून आरसा सरळ केला, पर्समधून रुमाल काढला, कपाळ पुसलं. "विचारा काय विचारायचं ते."

त्यांनी विचारलं, व्हर्नियरनं मोजलं. दोन चाकांमधलं अंतर. पायरीची उंची. खिडक्या किती, त्यांतल्या उघडणाऱ्या किती. एका ठिकाणी समोरच्या दिव्याची वीट, विटेवरच्या गोल खुंटीच्या अर्ध्यानं, पुढे होती, तिथे ते "हं" म्हणाले आणि काहीतरी लिहिलं. मग केबिनमध्ये वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. वर पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एखादा पाहुणा आलाच नाही, असं काहीतरी होतं.

"ठीक," ते म्हणाले आणि पुढे गेले.

तासाभरानं अधिकाऱ्यांनी कागद वाचला. दातांचे डॉक्टर, क्रेन, पंच्याण्णव. ड्रायव्हरबाई, बस, अठ्ठ्याण्णव.

धाकटी एवढ्यानं ओरडली की दोन टेबलांपलीकडच्या बंबाची शिडी कोसळली. तिला स्वतःला मात्र काही सुचेना. अठ्ठ्याण्णव? दिव्याचे दोन कापले असतील. मग ठोकळ्याचे पाच?

सोडले वाटतं मिलिमीटरांनी. नियम सोडला त्यांनी? तिनं लांबून त्यांच्याकडे पाहिलं. ते पाठमोरे होते, व्हर्नियर फडक्यानं पुसत.

"या बाईंनी एकोणीस वर्षं हीच गाडी आपल्याकडे चालवली," अधिकारी लोकांना सांगत होते. "आणि मला सांगायला अभिमान वाटतो, एकोणीस वर्षांत त्यांची एकही तक्रार नाही." टाळ्या पडल्या. त्यांनी एक छापील कागद तिच्यापुढे सरकवला. "इथे सही करा. मॉडेल मूळ नकाशाबरहुकूम आहे, त्यात कोणताही जादा भाग नाही, एवढंच आहे. मग आम्ही ते घेऊन जातो."

चष्मा काढायला तिनं पर्समध्ये हात घातला. तळाशी, डब्याच्या खालच्या कोपऱ्यात, बोटाला काहीतरी टोचलं. नखाएवढं. चौकोनी.

ते बाहेर काढायची गरज नव्हती. त्या कोपऱ्यात काय असतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

चला, गाडी बघू. तपासनीस साहेबही हेच म्हणायचे, याच सुरात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तिला. हाताला कोणी कळवलं नव्हतं.

तिनं मूठ बाहेर काढली आणि धाकटीच्या डोळ्यांपुढे उघडली. धाकटी आधी पट्टीकडे, मग तिच्याकडे, मग बसकडे बघत राहिली. तिला सगळं कळायला एवढाच वेळ लागला. मग ती कानाशी आली.

"ताई, गप्प बस. नशीब समज. सही कर, आणि मी त्या साहेबांना बोलण्यात गुंतवते, तेवढ्यात बसवून टाक परत. छप्पर लावलं की संपलं. ठोकळाही आत, कपाटही तुझं! कोण बघतंय?"

"कोणी नाही," ती म्हणाली.

"तेच म्हणतेय मी!"

"मीही तेच म्हणतेय. एकोणीस वर्षं कोणी बघितलं नाही." तिनं चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला, आणि सही न करता परत सरकवला. "साहेब, जरा थांबा. सर! इकडे या. गाडी पुन्हा तपासायची आहे."

"अहो बाई, झालंय आता सगळं," अधिकारी हसले. "जिंकलात तुम्ही."

"नाही झालं. तपासणीच्या वेळी एक वस्तू मी काढून पर्समध्ये टाकली होती."

हॉलमध्ये कुजबुज उठली. अधिकाऱ्यांचं हसू होतं तिथेच राहिलं, काय करावं हे त्यालाही कळेना.

"का?" त्यांनी विचारलं.

"सवय. तुम्ही लोक आलात की काढायचे मी. आणि साहेब, तक्रार एकही नाही म्हणालात, ते तेवढं चुकलंय. तीन आहेत. लेखी. तुमच्याच फायलीत सापडतील, शोधल्यात तर." तिचा आवाज चढला नव्हता. भर गर्दीत 'पुढे सरका, पुढे जागा आहे' म्हणायची तेव्हाही तो चढत नसे. "डॉक्टर, चिमटा देता?"

डॉक्टरांनी चिमटा काढला, पण देताना हात जरा आखडला. "बाई, विचार करा. हा दिलात तर कपाट मला मिळतंय. माझ्याच चिमट्यानं. मला रात्री झोप यायची नाही."

"झोपेल तुमची क्रेन. छान केलीय ती. द्या."

मिलिमीटर येऊन टेबलाशी उभे राहिले होते. छप्पर निघालं. चिमटा केबिनमध्ये उतरला. हॉल इतका शांत झाला होता की तो टक् मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला असावा.

"आता बघा गाडी," ती म्हणाली.

मिलिमीटर वाकले. बघितलं. सरळ झाले. फळीवरच्या कागदावर अठ्ठ्याण्णव खोडून त्यांनी त्र्याण्णव लिहिले आणि कागद अधिकाऱ्यांच्या हाती दिला. एक मार्क इकडचा तिकडे नाही.

धाकटी मटकन खुर्चीवर बसली. "हा माणूस आहे की फूटपट्टी?"

*

क्रेन खोक्यात गेली. लोक बाहेर चहाला गेले, अधिकारीही गेले. डॉक्टर दोनदा येऊन सॉरी म्हणून गेले. तिनं छप्पर बसवलं नाही, तसंच बाजूला राहू दिलं. येईल त्यानं आत बघावं. खाकी गणवेशातल्या दोन पोरी येऊन वाकल्या, एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, आणि दोघी तिच्याकडे बघून हसल्या. दोघींच्याही खांद्यावरच्या पर्सा जड दिसत होत्या.

मग मिलिमीटर आले. हात ओले होते. ते त्यांनी रुमालानं बोट न् बोट पुसले आणि पत्र्याचं नळकांडं उघडलं. क्लचचा नकाशा त्यांनी बसच्या शेजारी, पांढऱ्या चादरीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या.

"इथे काय आहे?" त्यांनी नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक छोटा तक्ता होता. चार रकाने, सगळे रिकामे. क्रमांक, बदल, तारीख, सुचवणार.

"रिकामं आहे."

"तेच. पंपाच्या कारखान्यात हे तक्ते कधी रिकामे राहायचे नाहीत. खाली फिटर एखादी गोष्ट करायचा आणि ती चालायची. मग मी तिथे जाऊन मोजायचो आणि नकाशा बदलायचो. चालणारी वस्तू कोणी बदलत नसतं." त्यांनी खिशातून पेन काढलं. पेन्सिल नाही, काळ्या शाईचं पेन. "चाळीस वर्षं ही गाडी चालली आणि यात एक नोंद नाही. हे आधीच लक्षात यायला हवं होतं माझ्या."

तिनं शाईकडे पाहिलं. "सर, हे हेड ऑफिसचे कागद आहेत. तुमच्या सहीवर आलेत. सोमवारी परत जायचेत."

"हो ना. म्हणून आजच लिहितोय."

"परवानगी?"

मिलिमीटरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही विचारताय?"

धाकटीनं खुर्ची ओढून जवळ आणली.

पेडलच्या रेषेवर त्यांनी फूटपट्टीशिवाय, एका दमात, एक आयत काढला. "सुचवणार कोण, लिहावं लागेल."

"आधी सुतारकाका घाला. डेपोचे सुतार. त्यांचंच डोकं ते." ती नकाशावर वाकली. "आणि त्याखाली माझा बिल्ला नंबर. दोन हजार एकशे त्रेसष्ट."

ते दोन्ही त्यांनी लिहिलं. मग व्हर्नियर काढून केबिनमध्ये घातलं, ठोकळा मोजला, ओठांतल्या ओठांत हिशेब केला. "तीन पूर्णांक दोन. पंधरानं गुणले तर अठ्ठेचाळीस. खरा ठोकळा अठ्ठेचाळीस मिलिमीटर."

पेनाचं टोक कागदाला टेकणार, तोच तिनं बोट मध्ये घातलं.

"बावन्न."

"बावन्न?"

"वर टायरचा तुकडा ठोकला होता, पाय घसरू नये म्हणून. चार मिलिमीटरचा. तो धरूनच पाय पोचायचा माझा. चुकीचं नका लिहू."

मिलिमीटरांनी पेन वर उचललं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर अगदी सुखाची हालचाल झाली, खूप दिवसांनी कोणीतरी भेटल्यासारखी. मग ते वाकून पुन्हा मॉडेलमध्ये बघू लागले.

"म्हणजे बाई, तुमचा हा ठोकळा पाव मिलिमीटर कमी आहे."

धाकटीनं कपाळाला हात लावला.

"मग बघताय काय?" ती म्हणाली. "कापा अर्धा मार्क."

त्यांनी आधी नकाशावर बावन्न लिहिलं, शाईवर फुंकर घातली, आणि मग फळी पुढे ओढली.